फळीवरचे अकरा दिवस

शाईचा प्रिंटर चालू केला की तो लगेच कामाला लागत नाही. आधी स्वतःची तपासणी करतो. आतली शाईच्या डब्यांची गाडी उजव्या कोपऱ्यातून निघते, डाव्या टोकाला जाऊन परत येते. मग कागद ओढणारे रबरी रूळ एक-दोनदा फिरतात आणि सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री पटली की हिरवा दिवा स्थिर होतो. गिऱ्हाइकांना हा वेळ म्हणजे नुसती कटकट वाटते. मला मात्र त्या अर्ध्या मिनिटात निम्मं दुखणं कळायचं. घासल्याचा आवाज वेगळा, अडकल्याचा वेगळा, दाता तुटल्याचा वेगळा. ऐकायला कान लागतो आणि थांबायला धीर लागतो. कान माझ्याकडे होता. धीर नेहमी होता असं म्हणवत नाही, आणि आज लिहायला बसलोय ते त्याचसाठी.

मी मूळचा टाइपरायटरवाला. सत्तरच्या दशकात पालघर स्टेशनजवळ दुकान टाकलं तेव्हा कोर्ट, कचेरी आणि टायपिंगचे क्लास एवढीच माझी दुनिया होती. पुढे बोईसरला कारखाने वाढले, त्यांच्या ऑफिसांत सुयांनी ठिपके ठोकून छापणारे प्रिंटर आले, मग घराघरांत शाईचे. टाइपरायटर मेले तसा मी त्यांच्यामागून आलेल्यांचा वैद्य झालो. शिकवायला कोणी नव्हतं. उघडायचं, बघायचं, बिघडवायचं, दुरुस्त करायचं.

आमच्या भागात यंत्रांचे आजारही भागाप्रमाणे. किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीत प्रिंटर बंद पडला म्हणून गेलो, तर आत मासळीचे खवले आणि पालीची दोन अंडी. सेक्रेटरींनी ती अंडी स्वतःच्या रुमालात घेऊन खिडकीच्या फटीत नेऊन ठेवली आणि मगच मला स्क्रू काढू दिले. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यातून उत्तर प्रदेशच्या एका कामगाराचा फोन आला होता, "भैया, सफेद कागज डालो तो गुलाबी निकलता है." जाऊन बघितलं तर हवेतच रंगाची भुकटी होती. रूळ पुसले तरी तासाभरात पुन्हा गुलाबी. मी म्हटलं, प्रिंटरमध्ये दोष नाही, याला दुसऱ्या खोलीत ठेवा. तो म्हणाला, कमरा यही एक है. बोलताना माझं लक्ष त्याच्या कानांकडे गेलं. कानांच्या पाळ्याही गुलाबी होत्या. प्रिंटर पुसून मी परत आलो.

पण सांगायचं आहे ते केळव्याच्या राऊतांचं.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता आणि महिना मार्चचा. मार्चमध्ये बोईसरचा प्रत्येक कारखाना वर्षभराचे कागद एकदम छापायला काढतो आणि सगळीकडचे प्रिंटर एकाच वेळी मान टाकतात. मला जेवायला फुरसत नव्हती. अशात एका सकाळी साठीचे एक गृहस्थ दुकानात आले. अंगाने काटकुळे, पांढरा शर्ट, आणि गळ्यावर लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखा पांढऱ्या कापडाचा तुकडा बांधलेला. जुन्या चादरीत गाठोडं बांधून आणलेला प्रिंटर त्यांनी काउंटरवर ठेवला आणि माझ्यापुढे एक चिठ्ठी धरली. हात थरथरत होता. चिठ्ठीतली अक्षरंही तशीच, उसवलेल्या शिवणीतून दोरे लोंबावेत तशी. मला एक शब्द लागला नाही.

बोलत नाहीत म्हणजे ऐकूही येत नसणार, असं मी धरून चाललो. मोठ्याने, एकेक शब्द तोडून विचारलं, "काय होतं याला?" शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातून लोक वळून बघायला लागले. ते गृहस्थ क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग उजवा तळवा हवेत सरकवत नेला आणि डाव्या तळव्यावर जोरात आपटला. पुन्हा एकदा तसंच केलं. इतकं नेमकं वर्णन मला इंजिनीअर लोकांनीही कधी दिलं नव्हतं. गाडी सुटते आणि थांबायचं तिथे थांबत नाही, भिंतीवर आपटते. मी चार बोटं दाखवून ओरडलो, "चार दिवसांनी या." त्यांनी हात जोडले आणि गेले.

ते गेल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बघितला. गाडी धाडकन डावीकडे आपटली, मागे आली, पुन्हा आपटली आणि थांबली. पुढचे दोन्ही दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागले. मी मनाशी ठरवून टाकलं की आतला दातेरी गिअर तुटला. चिकटपट्टीवर 'गिअर, मुंबई', म्हणजे मुंबईहून मागवायचा, असं लिहून ती प्रिंटरला डकवली आणि तो फळीवर ठेवून दिला.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सुरू होताना प्रिंटर असा अडला तर काय करायचं, हे मी शेकडो लोकांना फोनवर सांगितलं आहे. आधी बंद करा, वायर भिंतीतून काढा. झाकण उघडा, बॅटरी मारून आत बघा. कागदाचा कपटा, टाचणी, काहीही असू शकतं. मग गाडी बोटाने हलकेच सरकवून बघा, दोन्ही बाजूंना लोण्यासारखी गेली पाहिजे. एवढं केलं तरी दहातले सहा प्रिंटर बरे होतात. हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात. राऊतांच्या प्रिंटरला मी ती दहा मिनिटं दिली नाहीत. घरचा प्रिंटर, पेन्शनर माणूस, हौस असेल, थांबेल चार दिवस, असा माझा हिशोब.

चौथ्या दिवशी ते आले तेव्हा मी बोईसरला होतो. आठव्या दिवशी पुन्हा आले. मी त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं आणि खरं सांगतो, मी तो प्रिंटर तोवर फळीवरून खालीही घेतला नव्हता. पार्ट आला नाही, असं मी त्यांना पुन्हा मोठ्या आवाजात सांगितलं. पार्ट मी मागवलाच नव्हता. ते फळीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मग चिठ्ठी लिहायला म्हणून खिशातून पेन काढलं, हाताकडे बघितलं आणि पेन परत ठेवलं.

अकराव्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. नऊवारी, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा, आणि पायरी पायाने चाचपत वर आल्या. केळव्याहून आमच्या पालघरजवळच्या माहीममार्गे येणाऱ्या एसटीने एकट्याच आल्या होत्या. स्टँडवरून विचारत विचारत दुकान शोधलं होतं.

"आमचा पिंटर हाय तुज्याकडं," त्या म्हणाल्या. "चादरीत बांदलेला."

मी त्यांना स्टूल दिलं आणि पार्टचं तेच पालुपद सुरू केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आमाला कशासाठी लागतो तो पिंटर ते ठाऊक हाय का तुला. मी म्हटलं, नाही.

तेव्हा त्यांनी सांगितलं. राऊत बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आयुष्यभर मालाच्या चिठ्ठ्या टाइप केल्या. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत घशाचा आजार निघाला. मुंबईच्या दवाखान्यात स्वरयंत्रच काढून टाकलं. आवाज गेला तो कायमचा. त्याआधीपासून हाताला कंप होता, त्यामुळे लिहिलेलं कोणाला लागत नाही. इकडे त्यांच्या बायकोच्या, म्हणजे समोर बसलेल्या काकींच्या, डोळ्यांत काचबिंदू. अंगठ्याएवढं अक्षर नाकाशी धरलं तर दिसतं, त्याहून बारीक नाही. पाटी आणून बघितली, खडूने मोठं लिहून बघितलं, पण कापरं अक्षर मोठं झालं तरी कापरंच. टाइपरायटर होता, त्याचं अक्षर मुंगीएवढं. शेवटी नाशिकच्या लेकीने आपल्याकडचा जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर आणून बसवला. मराठी अक्षरं घालून दिली. मनगटं टेबलावर टेकवली की राऊतांची दोन बोटं कळफलकावर नीट चालायची. कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड काकींच्या डोळ्यांना टोचायचा म्हणून कागदावर छापायचं. एका पानावर चार-पाच ओळी, टपोऱ्या काळ्या अक्षरांत. ते छापायचे, त्या वाचायच्या आणि तोंडाने उत्तर द्यायच्या.

"असं आमचं बोलणं चालायचं," त्या म्हणाल्या. "अकरा दिस झाले, बंद हाय."

पुढचं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. मानेत पुन्हा गाठ आली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी दुसऱ्या ऑपरेशनची तारीख दिली होती, ती चार दिवसांवर आली होती, आणि राऊत मान हलवून नाही म्हणत होते. का नाही, ते कळायला मार्ग नव्हता. लेक आली, तिने विचारलं, तर तोंड फिरवून बसले. मग एकदा त्यांनी कागदावर काहीतरी लिहून काकींच्या हातात दिलं. काकींना दिसेना, म्हणून त्या शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायला निघाल्या, तर राऊतांनी दारात गाठून तो कागद हातातून काढून घेतला आणि फाडला.

"त्यांना मलाच सांगायचं हाय," काकी म्हणाल्या. "मदे तिसरं मानूस नको हाय."

मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि प्रिंटर खाली घेतला.

अकरा दिवसांपूर्वी करायचं ते केलं. वायर काढली, झाकण उघडलं, बॅटरी मारली. गिअर शाबूत होता, सगळे दाते जागेवर. गाडी ज्या पोलादी दांड्यावरून धावते तो बोटाने पुसला, तर बोट तेलकट झालं. दांड्याच्या मागे एक पारदर्शक पट्टी ताणून बसवलेली असते. तिच्यावर केसाहून बारीक उभ्या रेघा असतात, आणि गाडीला असलेला एक बारीक डोळा धावता धावता त्या रेघा मोजतो. किती रेघा झाल्या यावरून आपण कुठे आहोत ते गाडीला कळतं. त्या पट्टीवर तेलाचा जाड थर होता. रेघा दिसत नव्हत्या, म्हणून गाडीला भिंत कुठे आली ते समजत नव्हतं. मी वास घेतला. शिवणयंत्राचं तेल.

काकी समोरच बसल्या होत्या. मी विचारलं, यात कोणी तेल घातलं का. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या की सुरू करताना कर्रकर्र वाजायला लागला होता. त्यांचं शिवणयंत्र असं वाजलं की त्या दोन थेंब सोडायच्या, म्हणून राऊत वाडीत शिंपणं करायला गेले तेव्हा त्यांनी कुपी आणली. दिसत नव्हतं, थेंबांचा अंदाज राहिला नाही. त्यानंतरच तो आपटायला लागला. राऊत खुणेने सांगत होते की आपण अडकलेला कागद ओढला म्हणून मोडला.

"त्यांना नको सांगू," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही सांगणार.

ती पट्टी काढणं नाजूक काम. एका टोकाला आकड्यात, दुसऱ्या टोकाला बारीक स्प्रिंगमध्ये अडकवलेली असते, आणि जोर लागला तर कायमची चुरगळते. साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ कापडाने मी ती तीनदा पुसली, साध्या पाण्याने पुसली, उजेडाकडे धरली. रेघा दिसायला लागल्या. दांडा पुसून कोरडा केला, पट्टी बसवली, वायर लावली. गाडी सुटली, डावीकडे गेली, भिंतीच्या आधी अलगद थांबली आणि परत फिरली. मला वाटलं, झालं. पण उजव्या कोपऱ्यात आपल्या जागी बसताना ती कर्र वाजली आणि पुन्हा दिवे लुकलुकायला लागले.

काकींना दिवे दिसत नव्हते, पण आवाज आला. त्यांचे हात मांडीवर घट्ट झाले.

म्हणजे मूळ दुखणं तेलाच्या आधीचं होतं. पुन्हा वायर काढली. गाडी हाताने डावीकडे सारली आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे शाईची तोंडं सुकू नयेत म्हणून रबराची टोपणं असतात, तिथे चिमटा घालून चाचपत गेलो. टोपणाच्या खाली काहीतरी टणक लागलं. काढलं तर सुपारीची नखाएवढी कपची. मी ती काकींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी फिरवून पाहिली आणि पहिल्यांदाच हसल्या. पान छापून येईपर्यंत त्या प्रिंटरशेजारी बसून अडकित्त्याने सुपारी कातरायच्या, घरच्याच वाडीतली. त्यातली एक उडाली असणार.

म्हणजे आधीपासून सगळं मीच केलं, असं म्हणताना त्यांचं हसू गेलं. मी म्हटलं, काकी, समुद्राजवळच्या घरात प्रिंटरला काहीतरी होणारच, सुपारी नसती तर मिठाने दांडा गंजला असता. हे अर्धं खरं होतं. पूर्ण खरं हे होतं की त्यांच्या दोन्ही चुका मिळून वाया गेलेला वेळ अर्ध्या तासाचा, आणि माझ्या चुकीचे अकरा दिवस. ते मात्र मला त्यांच्यापुढे म्हणता आलं नाही.

या खेपेस प्रिंटरने आपली तपासणी शेवटपर्यंत केली. हिरवा दिवा स्थिर झाला. मी दुकान बंद केलं, प्रिंटर त्याच चादरीत बांधला आणि काकींबरोबर एसटीत बसलो. बोईसरच्या दोन कारखान्यांची माणसं त्या दुपारी माझी वाट बघत राहिली.

घर वाडीत होतं, चहूबाजूंनी सुपारी आणि केळी. राऊत ओटीवर बसले होते. मला बघून उठले, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मी आत जाऊन वायरी जोडल्या, कागद घातले आणि चाचणीसाठी काहीतरी छापा म्हटलं. या वेळी हळू आवाजात. ते खुर्चीवर बसले, मनगटं टेबलाला टेकवली आणि दोन बोटांनी एकेक कळ दाबत गेले. पान बाहेर आलं ते त्यांनी काकींना न देता माझ्या हातात दिलं. अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं:

"दुकानात मी बहिरा नव्हतो. मुकासुद्धा नुकताच झालो आहे."

मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि दुसऱ्या हाताने बाहेरचं दार दाखवलं. रागाने नाही. आता आम्हांला बोलू द्या, एवढंच.

मी वाडीत जाऊन उभा राहिलो. आतून प्रिंटरचा आवाज येत होता. एक पान, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं पान. मधूनमधून काकींचा आवाज, शब्द कळत नव्हते. असं तासभर चाललं असेल. मग काकी बाहेर आल्या. चष्मा हातात होता. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या की जायला तयार आहेत, पण त्याआधीचे तीन दिवस बोलायला हवेत म्हणतात.

मी कारण विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी राऊतांना आत नेलं तेव्हा त्यांना बोलता येत होतं. आवाज जाणार हे डॉक्टरांनी सांगितलेलंही होतं. तरी आत जाताना ते काकींना काही बोलले नाहीत. चहा पिऊन ये खाली जाऊन, एवढंच म्हणाले. तेच त्यांचं शेवटचं बोलणं. या खेपेला काही बोलल्याशिवाय जाणार नाही, परत आलो नाही तर, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. आणि बोलायचं साधन माझ्या फळीवर होतं.

"तीन दिवस पुरतील का एवढं बोलायला?" मी विचारलं.

"पस्तीस वरसं बोलले नायत," काकी म्हणाल्या. "तीन दिसांत काय होतंय. पन करू दे."

कागदाचं एक पाकीट त्यांच्याकडे होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आणखी दोन पाठवली, आणि शाईची एक जादा डबी.

राऊत ठरल्या तारखेला मुंबईला गेले आणि परतही आले. दुसरं ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर अडीच वर्षं ते जगले. त्या अडीच वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनी मी कोणी न बोलावता केळव्याला जाऊन तो प्रिंटर साफ करत असे. मिठाच्या हवेत दांडा गंजू नये म्हणून पुसायचा, रूळ पुसायचे. पहिल्याच खेपेला काकी आत चहा टाकत असताना राऊतांनी घाईने एक पान छापून माझ्या हातात दिलं. "तेलाची कुपी ती टेबलावरच विसरली होती. मी जागेवर ठेवली. तिला सांगू नका." मी ते पान घडी करून खिशात घातलं. चहा घेऊन काकी आल्या आणि कशाबद्दल बोलत होतात असं विचारलं. मी म्हटलं, शाई संपत आलीय.

एका पावसाळ्याच्या अखेरीस राऊत गेले. दवाखान्यात नाही, घरीच, दुपारच्या झोपेत. मला दोन दिवसांनी कळलं. भेटून आलो. मग माझं जाणं थांबलं. प्रिंटर साफ करायला आता काही निमित्त नव्हतं.

त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षाने नाशिकहून त्यांच्या लेकीचा दुकानात फोन आला. आईने तुम्हांला बोलावलंय, म्हणाली. का ते मला सांगत नाही.

मी गेलो. काकींना आता काहीच दिसत नव्हतं. दारातल्या माझ्या पावलांवरून त्यांनी ओळखलं की बाहेरचं कोणी आलंय. मला बसवलं आणि माजघरातून तांदळाची पिशवी ओढत आणली. पिशवीत पानं होती. चार-पाच ओळींची, टपोऱ्या अक्षरांची, शेकड्यांनी. राऊतांनी छापलेलं प्रत्येक पान त्यांनी ठेवलं होतं. दिसत होतं तोवर रोज दुपारी त्यांतली दोन-चार काढून वाचायच्या.

मी म्हटलं, लेक वाचून दाखवेल की.

"लेकीनं नाय वाचायचं आईबापाचं," त्या म्हणाल्या. "गावातल्यानं पन नाय. तुजी वळक पिंटरची. म्हनून तू."

मी वर हात घातला आणि लागलं ते पान काढलं. क्रम कसलाच नव्हता. मोठ्याने वाचलं: "कालच्या आमटीत मीठ जास्त होतं." माझा आवाज दुकानात गिऱ्हाइकाला बिल वाचून दाखवावं तसा लागला. काकींनी हात वर करून मला थांबवलं. असं भरभर नको, म्हणाल्या, त्यांना एकेक अक्षर दाबायला वेळ लागायचा. मी पुन्हा वाचलं, थांबत थांबत. त्या लक्ष देऊन ऐकत राहिल्या आणि मग त्या आमटीबद्दल, जी कधी केली होती कोण जाणे, म्हणाल्या, "नवतं जास्त. तुमच्या तोंडाला चव नवती."

मी दुसरं पान काढलं. नळाला पाणी आलं का बघ. त्या म्हणाल्या, येऊन गेलं. तिसरं, सुपारीवाल्याला उद्या बोलवू नको, परवा बोलव. त्या म्हणाल्या, बरं. काही पानांचे पहिले दोन शब्द वाचले की त्या कागदावर तळवा ठेवायच्या आणि म्हणायच्या, हा ठेव. तो मी न वाचता उलटा करून बाजूला ठेवायचो. ती पानं कुठल्या तीन दिवसांतली असणार ते मला ठाऊक होतं. ती मी अजून वाचलेली नाहीत.

त्या वर्षी दर गुरुवारी दुपारी मी केळव्याला जात होतो. दुकान अर्धा दिवस बंद ठेवायचो. गिऱ्हाइकं विचारायची की गुरुवारी कुठे असता. एक जुनं काम आहे, असं सांगायचो.

एका गुरुवारी असं पान निघालं की त्यावर दोनच शब्द होते. राऊत आयुष्यभर तोंडाने बोलत आले होते, त्यामुळे छापतानाही त्यांच्या बोटांतून 'वाच' असं कधी उतरलं नाही, 'ऐक'च उतरायचं. मी पान हातात धरलं, सवयीप्रमाणे थोडा थांबलो आणि वाचलं, "ऐकतेस ना?"

काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"ऐकते," त्या म्हणाल्या. "बोला."

मी पुढचं पान घेतलं.